पटावरचं पंचविसावं नाव

दिवाळी अंकवाल्या मुलांचं पत्र आलं, 'शिक्षणक्षेत्रातले आपले अनुभव लिहून पाठवा.' बालवाडीला क्षेत्र म्हणणारं मला आजवर कुणी भेटलं नव्हतं. गावातले लोक मला 'लेकरं सांभाळनारी बाई' म्हणायचे, आणि रागात असले की 'दुधवाली बाई'. पंचायत समितीच्या कागदावर मी बालसेविका होते. आता गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि म्हणे अनुभव लिहा. लिहिते. पण फुलपाखरं आणि निरागस हसू असलं काही हवं असेल तर हे पान उलटा. तीस लेकरं एका खोलीत बसवली की त्यातली दहा रडतात, पाच एकमेकांना चावतात, दोघांनी तरी चड्डी ओली केलेली असते आणि शेंबूड सगळ्यांनाच असतो. एकदोन हसतातही, पण त्यांच्याकडे बघायला वेळ कुणाला असतो.

माझी सगळी नोकरी मोजण्यात गेली. बाहेरच्या माणसाला वाटतं, बालवाडीची बाई गाणी म्हणते, गोष्टी सांगते. म्हणत होते मीही. पण माझी खरी भाकरी होती पट. पट म्हणजे रजिस्टरात लिहिलेली मुलांची नावं. पंचवीस नावं असली की बालवाडी चालू. पंचविसाच्या खाली पट गेला आणि तपासणीत सापडला, की बालवाडी उठली आणि दुसऱ्या गावाला गेली. बाई तिच्याबरोबर जाईलच असं नाही. तिथे तिथली कुणी सातवी पास सून तयार असतेच.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता, जिल्हा परिषद त्याहून नवी. माझं गाव उंद्रीच्या अलीकडचं. चिखलीहून एस.टी.नं फाट्यापर्यंत यायचं आणि पुढे पाऊण तास पायी. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. ग्रामपंचायतीनं एक खोली दिली होती. तिच्या एका कोपऱ्यात फवारणीचे पंप ठेवलेले असायचे, त्यांचा वास उन्हाळ्यात डोक्यात जायचा. माझे यजमान चिखलीला अडतीच्या दुकानात मुनीम होते. दम्यानं त्यांना घरी बसवलं. दोन मुली होत्या. म्हणजे गावातली ती खोली उठली असती तर आमचं घर उठलं असतं, इतका सरळ मामला होता.

मला मदतनीस होती कौसाबाई. बौद्ध वस्तीतली, नवरा नसलेली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. सकाळी घरोघर जाऊन लेकरं गोळा करून आणायची, खोली सारवायची, आणि परदेशातून आलेल्या भुकटीचं दूध हंड्यात घुसळून पाजायची, ही तिची कामं. लेकरं गोळा करणं हे काम ऐकायला सोपं आहे. सहा दारांपुढे उभं राहून सहा तऱ्हेची उत्तरं ऐकावी लागतात. कुणाचं झोपलेलं असतं, कुणाचं आईबरोबर वावरात गेलेलं असतं, कुणाची आजी म्हणते, 'आमच्या घरी दूध हाय, तुयी पावडर तुलेच राहू दे.' कौसाबाई दोन काखेत दोन आणि मागे आठ-दहा अशी यायची. वेचणीच्या दिवसांत तर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासातून लेकरं उचलून आणली आहेत तिनं.

पटाचे रकाने सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नाव, जन्मतारीख, जात, बापाचा धंदा. नावात फार डोकं लावायचं काम नव्हतं. शेगाव जवळ, त्यामुळे एके साली माझ्याकडे सहा गजानन होते. मोठा गजानन, काळा गजानन, रडका गजानन अशी मी त्यांची वाटणी केली होती, आणि रडका पुढे तलाठी झाला. बापाच्या धंद्यात शेती नाहीतर मजुरी. जन्मतारखेला मात्र घाम फुटायचा. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद व्हायची म्हणतात, पण ती बघायला कोण जातो. आई सांगायची, 'आमची तांबडी गाय याली ना, त्याच्या आठ दिस आधी.' आता त्या गाईची तारीख मी कुठून आणू?

म्हणून आम्ही कान धरायचो. मुलानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. बोटं कानाला पुरली की वय सहा, चला पहिलीत. पुरली नाहीत की बालवाडीत. शाळेचे हेडमास्तर जून लागला की माझ्या दाराशी येऊन उभे राहायचे, कारण त्यांनाही पहिलीचा पट भरायचा असायचा. मग आमची बाजारातल्यासारखी ओढाताण व्हायची.

"बाई, हा माझा झाला."

"गुरुजी, चार बोटं कमी आहे अजून."

"चार कुठं, दोनच आहेत. मान थोडी वाकव रे बाळा."

"मान वाकवून नाही चालत. सरळ ठेव."

गुरुजी भला माणूस. जालन्याकडचे होते, एकटे राहायचे, स्वतःच्या हातानं भाकरी थापायचे. शेवटी ते हसून म्हणायचे, 'बरं, ठेवा पुढच्या साली.' पोरगं आमच्या दोघांच्या मधे डोक्यावर हात घेऊन उभंच असायचं.

सगळ्या गावात एकच बाप असा भेटला, ज्याला लेकराची जन्मतारीख पाठ होती. किसनभाऊ. वस्तीतला, दुसऱ्याच्या वावरात सालदारकी करायचा. पोरीचं नाव लिहायला आला तेव्हा डोक्याला स्वच्छ धुतलेलं फडकं बांधून आला होता.

"नाव लिवा यशोधरा," तो म्हणाला. "यशोदा नाई. लोक यशोदा म्हंतेत. यशोधरा लिवा."

"जन्म कधीचा, किसनभाऊ? सांगता येईल?"

"काऊन नाई येनार? बाकीच्याइले नसन माहीत, मले माहीत हाय. दसऱ्याले नागपूरले दीक्षा घेतली, अन् कार्तिकात पुनवेच्या दुसऱ्या रोजी ही झाली. आमच्या घरातलं पह्यलं लेकरू हाय, जे बौद्ध म्हनून जन्मलं. हे मी काऊन इसरीन?"

मी पंचांग काढून तारीख लावली आणि लिहिली. जातीच्या रकान्यात तो म्हणाला, 'बौद्ध लिवा.' वरच्या ऑफिसात पाठवायच्या तक्त्यात बौद्धांसाठी रकानाच छापलेला नव्हता. मी पट्टी घेऊन शाईनं एक उभी रेघ मारली आणि रकाना तयार केला. त्यावरून पुढे मला एक विचारणा झाली, ती मी उत्तर न देता ठेवून दिली. या एका रेघेचा मला बरीच वर्षं अभिमान होता. अजूनही थोडा आहे, पण तो कुणापुढे मिरवायची सोय मीच ठेवली नाही.

पोरगी काळीसावळी, किरकोळ, गप्प. रोज यायची. पावसात यायची, वेचणीत यायची, संक्रांतीला सगळी लेकरं तिळगुळाच्या मागे धावली तेव्हाही ही खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसलेली. वस्तीतली लेकरं एकंदरीतच वेळेवर यायची, डोक्याला तेल, तोंड धुतलेलं. तिथल्या आयांना शाळेची किंमत कळली होती. कुणब्यांच्या घरांना तशी घाई नव्हती. शेत होतं, दूध होतं, आजी होती, लेकरू अंगणात वाढत होतं. त्यांच्याकडून लेकरू मिळवायचं म्हणजे मला हात जोडावे लागायचे. तरी पट चौतीसवर गेला होता, निम्मा इकडचा, निम्मा तिकडचा. ती सगळी एका ओळीत बसायची, कारण खोलीत दुसरी ओळ बसायला जागाच नव्हती.

मग होळीच्या सुमाराला पाटलीणबाई आल्या. गावातलं मोठं खटलं त्यांचं. नातू माझ्याकडे होता. ओट्यावर बसल्या, पाणी नको म्हणाल्या, आणि मला समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "बाई, तुमचं काही चुकत नाई. पन दूध थ्या कौसीच्या हातचं हाय म्हंतेत."

"हो. तिचंच काम आहे ते."

"थे काम तुमी करा. तिले झाडू-सारवनाले ठिवा. लोक बोलून राह्यले."

मी फार शूर बाई नाही. बदलीच्या नुसत्या बातमीनं मला जुलाब व्हायचे. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. पाटलीणबाई कौसाबाईच्या देखत बोलत होत्या, आणि कौसाबाई हंडा घासत होती, तिनं मान वर केली नाही. मी म्हटलं, "दूध कौसाबाईच घुसळेल. ज्याला नको त्यानं पिऊ नये."

पाटलीणबाई भांडल्या नाहीत. उठल्या, नातवाचा हात धरला आणि गेल्या. त्यांच्या मागोमाग आठ दिवसांत अकरा लेकरं गेली. कुणी भांडायला आलं नाही, कुणी शिवी दिली नाही. कौसाबाई दारावर गेली की आतून आवाज यायचा, 'आज नाई येत थो.' रोजच 'आज नाई' असायचं. जूनमध्ये मोठी झालेली पहिलीत गेली, वस्तीतून कौसाबाईनं तान्ह्याच्या वरची वाटतील अशी आणखी काही उचलून आणली. ओढूनताणून पंचवीस नावं झाली. पंचविसावं यशोधरेचं होतं, आणि तिला कार्तिकात सहा पुरे होऊन साडेसहा झाले होते.

गुरुजी आलेच. "ती किसनची मुलगी द्या, बाई. मागच्याच साली मी नजरेत ठेवली होती. चुणचुणीत आहे."

"लहान आहे हो अजून," मी म्हटलं. "रजिस्टर बघा."

रजिस्टर मी बघण्यासारखं करून ठेवलं होतं. दर साली पट नव्या वहीत उतरवावा लागतो. उतरवताना यशोधरेच्या जन्माचं साल एकानं पुढे नेलं. खाडाखोड नाही, काही नाही. माझं अक्षर सुरेख होतं, तपासणीत तसा शेराही मिळालेला आहे. गुरुजींनी वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता तर असेल." त्यांच्या पहिलीत त्या साली तीन मुली होत्या. यशोधरा चौथी झाली असती.

कौसाबाईनं मला सारवता सारवता विचारलं, "बाई, किसनची पोरगी मोठी झाली नं? काऊन ठिवली?"

"कौसाबाई, ती गेली तर चोवीस उरतात. चोवीसवर ही खोली राहत नाही. तुमचीही नाही आणि माझीही नाही."

तिनं कोपऱ्यापर्यंत सारवत नेलं. मग म्हणाली, "एकच साल नं?"

"एकच."

तपासणी भादव्यात झाली. पंचायत समितीच्या मुख्य सेविका यायच्या होत्या. चिखलीहून निरोप आला तसं कौसाबाईनं गाव पालथं घातलं. एका लेकराला ताप होता, त्याला गोधडीत गुंडाळून आणून भिंतीला टेकवलं. बाई आल्या, चपला चिखलानं भरलेल्या, पदर खोचलेला, त्यांनाही त्या दिवशी तीन गावं करायची होती. नुसती नावं वाचून भागत नसे. एकेक नाव वाचायच्या, लेकरू उभं करायच्या आणि तोंड बघून टिकमार्क करायच्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी यशोधरेला जवळ बोलावलं होतं. तिचा हात डोक्यावरून नेला, तर बोटं कान ओलांडून गालापर्यंत आली. मी म्हटलं, "असं नाही. बोटं मिटून घे. मूठ कर. हां, आता मान ताठ ठेव." मूठ कानाच्या वर थांबली. "उद्या मोठ्या बाई आल्या की असंच करायचं." तिनं मान हलवली. काऊन म्हणून विचारलं नाही. त्या वयाची लेकरं दिवसभर काऊन काऊन करत असतात. हिनं विचारलं नाही, आणि मी तिला त्याबद्दल शहाणी म्हटलं.

मुख्य सेविका पंचविसाव्या नावाशी थांबल्या. "ही मोठी दिसते."

"अंगानं उंच आहे," मी म्हटलं.

"हात दाखव गं."

यशोधरेनं हात डोक्यावरून नेला. बोटं मिटली. माझ्याकडे पाहिलं. मुख्य सेविकांनी तिच्या मुठीकडे पाहिलं, मग पावसाकडे, मग घड्याळाकडे. त्यांनाही बालवाड्यांचा एक आकडा वर दाखवायचा असणार. त्यांनी टिक मारली आणि म्हणाल्या, "पंचवीस. चहा असेल तर द्या." बालवाडी राहिली. संध्याकाळी कौसाबाईनं आणि मी उरलेल्या भुकटीचा घट्ट चहा केला आणि दोघी दोन घोटांत प्यायलो. मला त्या दिवशी वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. मला हलकं वाटलं होतं.

दिवाळीनंतर किसनभाऊ खोलीवर आला. फडकं हातात घेऊन दाराबाहेरच उभा राहिला.

"बाई, पोरगी शाळेत कवा जाईन?"

"अजून हात पुरत नाही कानाला, किसनभाऊ."

"मले तं वाटे, सात पुरे होऊन आठवं लागलं. कार्तिकातली हाय नं थे." त्यानं बोटांवर मोजलं, परत मोजलं. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "पन हात नाई पुरत म्हनता तं नाई. तुमाले समजते. आमी अडानी मानसं."

त्याचा हिशेब बिनचूक होता. गावातल्या एकाच बापाचा हिशेब बिनचूक होता, आणि त्यालाच मी अडाणी ठरवून घरी पाठवलं.

दुसऱ्या साली पट सव्वीस होईल असं वाटत होतं. पाटलीणबाईंचा धाकटा नातू येणार अशी कुणकुण होती. तो काही आला नाही. दोन मजुरांची बिऱ्हाडं खामगावकडे गेली. पुन्हा पंचवीस, आणि नव्या वहीत तिचं साल मी आणखी एकानं पुढे नेलं. जूनमध्ये गुरुजी दारात आले, आणि या खेपेला म्हणाले, "वही राहू द्या, बाई. हातच बघू." मी यशोधरेला हाक मारली. शपथ घेऊन सांगते, मी त्या दिवशी तिला काहीच सांगितलं नव्हतं. यशोधरेनं हात डोक्यावरून नेला आणि आपणहून बोटं मिटून घेतली. साडेसात वर्षांची पोरगी. बालवाडी आपल्यावर उभी आहे हे तिला कुणी सांगितलं असेल का? कौसाबाई म्हणायची, 'मी नाई सांगितलं.' गुरुजी खाली वाकून तिला म्हणाले, "बोटं उघड, बेटा." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पंपांकडे बघत होते. गुरुजी सरळ झाले आणि गेले. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं गावात होते, माझ्याशी बोलायचेही, पण दाराशी येऊन ओढाताण करायचे ते बंद झालं. सरळ यादी मागवायचे.

पुढच्या साली पाटलीणबाईंचा धाकटा नातू आला. त्याची गंमत सांगायला हवी. बरोबर स्वतःचा पितळी पेला घेऊन यायचा. घरून ताकीद होती, दूध याच पेल्यात घ्यायचं. कौसाबाई त्याच पेल्यात दूध ओतायची, त्याच हंड्यातलं, त्याच हातानं. पेला घरचा असला की चालायचं. चार महिन्यांत पेला लेकरांच्या खेळण्यात गेला, काळा गजानन त्यातून वाळू उपसायचा, आणि नातू सगळ्यांसारखा जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पेल्यातून पिऊ लागला. पाटलीणबाईंच्या कानावर गेलं असेलच. त्या आल्या नाहीत. मागोमाग बाकीची घरंही आली. पट अडतीस झाला. मला मुख्य सेविकांनी शाबासकी दिली, 'गावातल्या सर्व थरांतली मुले' असं त्यांनी शेरेपुस्तकात लिहिलं. ते खरंही होतं.

नातू आला त्याच जूनला यशोधरा पहिलीत गेली. कागदावर साडेसहा, अंगानं साडेआठ. पहिलीतल्या पोरींत ती मागच्या भिंतीशी बसायची, कारण पुढे बसली की मागच्यांना फळा दिसत नसे. हुशार होती. गुरुजींनीच मला एकदा सांगितलं, तेही दुसरीकडे बघत.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पुढे उंद्रीला, पायी. तिच्याच वयाच्या ज्या तीन पोरी दोन वर्षं आधी पहिलीत गेल्या होत्या, त्यातल्या दोघी उंद्रीला जात होत्या. गुरुजींनी त्यांच्या घरी जाऊन जाऊन ते जमवलं होतं. सकाळी दोघी हातात हात घालून फाट्याच्या वाटेनं जाताना मला खोलीतून दिसायच्या. यशोधरा चौथी पास झाली तेव्हा त्या दोघींची सातवीची तयारी चालली होती. आणि यशोधरा तेव्हा साडेबारा वर्षांची होती. त्याच उन्हाळ्यात ती मोठी झाली, म्हणजे आमच्याकडे बायका ज्याला मोठी होणं म्हणतात ते.

किसनभाऊ पुन्हा आला. या खेपेला आत येऊन बसला.

"बाई, गुर्जी म्हंतेत उंद्रीले धाडा. मले धाडाचं हाय. पन हिची माय म्हंते, वयात आलेली पोरगी एकटी कशी जाईन? थ्या दोघी अजून एक साल जातीन, मंग ही एकटीच. लहान असती तं मी खांद्यावर बसवून पोचवली असती." त्यानं फडकं मांडीवर ठेवलं. "बाई, कागदावर दहा लिवलेलं हाय. गुर्जी म्हंतेत दहाच हाय, लहान हाय. घरात तं थे बारा पुरे दिसते. मी मोजतो तवाही बारा येते. हे असं काऊन येते?"

तो भांडायला आला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि ज्या बाईला समजतं असं तो म्हणत आला तिला विचारायला आला होता. मी तेव्हा सांगायला हवं होतं. नोकरी पक्की झाली होती, पट अडतीसवर होता, कुणी माझं काही वाकडं करणार नव्हतं. मी म्हटलं, "लिहिण्यात कुठं चुकलं असेल." तो 'असन' म्हणाला, उठला आणि गेला. यशोधरा उंद्रीला गेली नाही. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. सातवी झाली असती तर त्या काळात तिला माझ्यासारखी बालसेविका होता आलं असतं, ही गोष्ट मला कौसाबाईनं सांगितली. सांगून ती हंडा घासत राहिली.

नोकरी चालूच होती. वर्षं गेली, यजमान गेले, मुली दिल्या घरी गेल्या. कौसाबाई थकली. दुधाच्या भुकटीच्या जागी सुकडी, म्हणजे गोड पिठाचा खाऊ, आली. एके जूनमध्ये, शाळा उघडायच्या पहिल्याच दिवशी, एक बाई पोरीला घेऊन दारात उभी राहिली. हिरवं लुगडं, पदराला गाठ. मी ओळखलं ते तिच्या उभं राहण्यावरून. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता वाट बघत उभी होती.

"बाई, मी यशोधरा. बाबा थकले, म्हनून इकडंच राहाले आलो आमी. पोरीचं नाव घालाचं हाय."

मी बस म्हटलं. पाणी दिलं. मग विचारलं, "किती वर्षांची आहे?"

"हात पाहा नं तुमी."

पोरगी धीट होती. हात डोक्यावरून नेला. मी बघत होते, आणि लेकरानं, कुणी न सांगता, लेकरं करतात तशी सहज बोटं आखडली. यशोधरा खाली बसली आणि तिनं पोरीची बोटं एकेक करून सरळ केली.

"बोटं सरळ ठेव माय. मिटू नको."

बोटं सरळ केली तरी कानाला दोन बोटं कमी पडत होती. म्हणजे अजून एक साल तरी बालवाडी. मला वाटलं, देवानं मला हे फेडायला दिलं आहे. मी म्हटलं, "दोन बोटांनी काय होतं यशोधरा, मी हात पुरतो असं लिहिते. चिठ्ठी देते, यंदाच पहिलीत घाल. एक साल वाचेल तिचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"नाई बाई," ती म्हणाली. "पुरत नाई तं नाई पुरत लिवा. हाय तेच लिवा. पुढल्या साली पुरन, तवा मी येईन, तवा पुरला म्हनून लिवजा."

पदराच्या गाठीतून तिनं एक घडी केलेला कागद काढला. चिखलीच्या दवाखान्याचा, जन्माचा दाखला. मी वही उघडली. नाव लिहिलं, बापाचा धंदा लिहिला, बौद्ध लिहिलं. आता त्याला छापील रकाना होता. तारीख लिहिली, अक्षर चांगलं आलं.

"झालं," मी म्हटलं.

तिनं वही माझ्या पुढ्यातून आपल्याकडे फिरवून घेतली. दाखला शेजारी ठेवला. ओळीखाली बोट ठेवून तिनं तारीख वाचली, महिना वाचला, साल वाचलं, आणि पुन्हा एकदा सुरुवातीपासून वाचलं. मी थांबून राहिले. चौथीपर्यंत शिकली होती ती. तेवढं तिला वाचता येत होतं.